मढौऱ्याचं इंजिन गिनीला निघालं, पुढचं स्टेशन कोणतं?

गणपतीला किंवा मे महिन्यात कोकणात जाणाऱ्यांना एक आवाज पाठ असायचा. चिपळूण, रत्नागिरी, कुडाळच्या फलाटावर गाडी उभी आणि पुढे एकसुरात धडधडणारं डिझेल इंजिन. बोगदा आला की खिडकीतून धुराचा वास आत यायचा. २०२२ मध्ये कोकण रेल्वेच्या पूर्ण मार्गावर वीज आली आणि तो आवाज हळूहळू मागे पडला. जे कोकणात झालं तेच देशभर झालं. आज ब्रॉडगेज मार्गांपैकी जवळपास ९९ टक्के मार्गांवर विजेची तार आहे.

चांगलंच झालं. डिझेल वाचलं, धूर कमी झाला. पण यातून एक साधा प्रश्न उरतो. डिझेल इंजिनं बनवणाऱ्या कारखान्यांनी आता करायचं काय?

या प्रश्नाचं एक उत्तर २० जून २०२५ ला बिहारमध्ये मिळालं. सारण जिल्ह्यातल्या मढौरा इथल्या कारखान्यात बनलेल्या पहिल्या निर्यात इंजिनाला पंतप्रधानांनी हिरवा झेंडा दाखवला. हे इंजिन जाणार होतं पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी या देशात. एकूण ऑर्डर १५० इंजिनांची, किंमत तीन हजार कोटी रुपयांहून जास्त. म्हणजे ढोबळमानाने एक इंजिन वीस कोटींचं. गिनीकरांनी या इंजिनाला नाव दिलंय ‘कोमो’.

‘बिहारमधून इंजिनं एक्सपोर्ट’ ही बातमी त्या वेळी रील्समधून भरपूर फिरली. काहींनी छाती फुगवली, काहींनी ‘हे तर अमेरिकन कंपनीचं’ म्हणून नाक मुरडलं. दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. पण खरी गोष्ट या दोन कमेंट्सच्या मधे कुठेतरी आहे आणि ती समजून घेणं आपल्या पिढीसाठी महत्त्वाचं आहे. कारण प्रश्न फक्त इंजिनाचा नाही, नोकरीचा आणि कौशल्याचा आहे.

आधी हे इंजिन समजून घेऊ

मराठीत आपण गाडी ओढणाऱ्या अख्ख्या यंत्रालाही इंजिन म्हणतो आणि त्याच्या पोटातल्या मोटरलाही इंजिनच म्हणतो. त्यामुळे गैरसमज होतो. डिझेल-इलेक्ट्रिक इंजिनात डिझेलचं इंजिन चाकं फिरवतच नाही! ते फिरवतं एक भलामोठा अल्टरनेटर. त्यातून वीज तयार होते. ती वीज इलेक्ट्रॉनिक यंत्रणेतून हवी तशी बदलून घेतली जाते आणि चाकांच्या आसांवर बसवलेल्या मोटरींना दिली जाते. चाकं फिरतात ती या मोटरींमुळे. थोडक्यात, हे स्वतःचं वीजघर पाठीवर घेऊन पळणारं इलेक्ट्रिक इंजिनच आहे.

मढौऱ्याचं निर्यात इंजिन ४,५०० हॉर्सपॉवरचं आहे. शंभर-सव्वाशे सीसीच्या साध्या बाइकची ताकद आठ-दहा हॉर्सपॉवर असते, यावरून अंदाज करा. रेल्वेने दिलेल्या माहितीनुसार अशी दोन इंजिनं जोडली की शंभर वाघिणींची मालगाडी ओढता येते. मोटरी एसी प्रकारच्या आहेत. जड गाडी जागेवरून हलवताना चाकं रुळावर घसरू नयेत, यासाठी या मोटरींवर बारीक नियंत्रण ठेवता येतं. खनिज वाहणाऱ्या मार्गावर याचा मोठा फायदा होतो.

उतारावर तर याच मोटरी उलट काम करतात. चाकं मोटरींना फिरवतात, मोटरी वीज बनवतात आणि ती वीज रोधकांमध्ये उष्णता म्हणून जाळली जाते. याला डायनॅमिक ब्रेकिंग म्हणतात. खाण डोंगरात आणि बंदर समुद्रावर असेल तर भरलेली गाडी खाली उतरताना हा ब्रेक किती कामाचा, हे घाटातून उतरणारी मालगाडी पाहिलेल्यांना सांगायला नको.

एक अडचण होती रुळांची. आपला ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचा. गिनीतला नवा मार्ग स्टँडर्ड गेज, म्हणजे १,४३५ मिलिमीटरचा. त्यामुळे हे इंजिन भारतात वापरलेलं, जुनं झालेलं आणि रंग मारून पाठवलेलं नाही. गिनीसाठीच बनवलेलं आहे. हा फरक लक्षात ठेवा. २०२० मध्ये दहा आणि २०२३ मध्ये वीस डिझेल इंजिनं आपण बांगलादेशला दिली, ती इथे वापरलेली होती आणि मदत म्हणून दिली होती. गिनीचा सौदा मात्र शुद्ध व्यापार आहे.

गिनीला एवढी इंजिनं कशाला?

गिनीच्या आग्नेय भागात सिमांडू नावाची डोंगररांग आहे. तिथे जगातल्या सर्वांत मोठ्या आणि उच्च प्रतीच्या लोहखनिज साठ्यांपैकी एक आहे. खनिजात लोहाचं प्रमाण ६५ टक्क्यांच्या आसपास. अनेक दशकं हा साठा माहीत असूनही जमिनीतच पडून होता. कारण एकच, तो समुद्रापर्यंत न्यायचा कसा? शेजारच्या लायबेरियातून गेलं तर अंतर कमी. पण रेल्वे आणि बंदर आपल्याच भूमीवर हवं, हा आग्रह गिनीने सोडला नाही. त्यामुळे सहाशे किलोमीटरहून लांब नवा रेल्वेमार्ग आणि नवं बंदर बांधावं लागलं. मधे हक्कांवरून वाद झाले, कंपन्या बदलल्या, २०२१ मध्ये लष्करी उठावही झाला. अखेर नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रकल्पाचं उद्घाटन झालं. पूर्ण क्षमतेने चालू लागला की वर्षाला १२ कोटी टन खनिज बाहेर काढायचं नियोजन आहे.

या प्रकल्पात रिओ टिंटो ही ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन कंपनी आहे, बड्या चिनी कंपन्या आहेत आणि गिनी सरकारचा १५ टक्के हिस्सा आहे. खनिजाचा मोठा ग्राहक चीनच असणार. आता चित्र बघा. खाण आफ्रिकेत, भांडवल चिनी आणि पाश्चात्त्य, पोलाद बनणार मुख्यतः चीनमध्ये आणि गाडी ओढणारं इंजिन बिहारमध्ये बनलेलं. आजचा जागतिक व्यापार कसा चालतो, हे समजायला यापेक्षा चांगलं उदाहरण मिळणार नाही.

चीन स्वतः इंजिनं बनवतो, बनवतो काय, जगभर विकतो. तरीही ही ऑर्डर मढौऱ्याला मिळाली, ही छोटी गोष्ट नाही. तिचं श्रेय तिथल्या कामगारांना आणि इंजिनिअर्सना द्यायलाच हवं.

टॉफीच्या गावात इंजिन

मढौरा हे नाव जुन्या बिहारी माणसाला वेगळ्याच कारणाने आठवतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून इथे साखर कारखाना होता. मॉर्टन टॉफीचा कारखाना होता. एका छोट्या गावासाठी ही चांगलीच औद्योगिक वसाहत होती. शतक संपता संपता हे कारखाने बंद पडले. मग सारणमधल्या तरुणांनी तेच केलं, जे बिहारमधले तरुण करतात. ते मुंबई, सुरत, दिल्ली, पंजाबला गेले.

लालूप्रसाद यादव रेल्वेमंत्री असताना मढौऱ्यात डिझेल आणि मधेपुऱ्यात इलेक्ट्रिक इंजिनांचा कारखाना काढायची घोषणा झाली. ती प्रत्यक्षात यायला बरीच वर्षं लागली. नोव्हेंबर २०१५ मध्ये जनरल इलेक्ट्रिक म्हणजे जीई कंपनीला मढौऱ्याचं कंत्राट मिळालं. अकरा वर्षांत एक हजार डिझेल इंजिनं, त्यातली ७०० इंजिनं ४,५०० हॉर्सपॉवरची आणि ३०० इंजिनं ६,००० हॉर्सपॉवरची. किंमत सुमारे अडीच अब्ज डॉलर. सुरुवातीची काही इंजिनं अमेरिकेतून आली, मग २०१८ पासून मढौऱ्यात उत्पादन सुरू झालं. २०१९ मध्ये जीईचा रेल्वे व्यवसाय वॅबटेक या अमेरिकन कंपनीत विलीन झाला. आज या संयुक्त कंपनीत सुमारे तीन चतुर्थांश हिस्सा वॅबटेकचा आणि उरलेला भारतीय रेल्वेचा आहे.

गंमत म्हणजे कारखाना उभा राहत होता तेव्हाच रेल्वेने सगळ्या मार्गांचं विद्युतीकरण करायचा धडाका लावला. २०१७ मध्ये तर ‘या डिझेल कराराचं आता काय?’ असा प्रश्न उघडपणे विचारला गेला. एका हाताने हजार डिझेल इंजिनांची ऑर्डर आणि दुसऱ्या हाताने डिझेलची गरज संपवणारी तार! अखेर करार टिकला. निर्यातीचं इंजिन बाहेर पडलं तोवर मढौऱ्यातून सातशेहून अधिक इंजिनं देशासाठी तयार झाली होती.

दोन कॅलेंडर

आता खरी मेख. गिनीच्या १५० इंजिनांचं नियोजन असं आहे: पहिल्या आर्थिक वर्षात ३७, दुसऱ्या वर्षात ८२ आणि तिसऱ्या वर्षात ३१. म्हणजे २०२७-२८ च्या आसपास ही ऑर्डर संपणार. हजार इंजिनांचं देशी कंत्राटही साधारण त्याच सुमारास संपत येणार. दोन्ही कॅलेंडरची शेवटची पानं जवळजवळ एकाच वेळी उलटली जाणार आहेत. त्यानंतर काय?

भारतीय रेल्वे आणखी डिझेल इंजिनं मोठ्या संख्येने घेईल, असं मानायला फारसा आधार नाही. आपत्कालीन वापर, यार्डातलं काम, लष्करी गरज यासाठी काही डिझेल इंजिनं लागतीलच, पण त्यासाठी आहेत तीच पुष्कळ आहेत. म्हणजे मढौऱ्यासाठी निर्यात ही शोभेची गोष्ट नाही. ती जगण्याची वाट आहे. झेंडा दाखवण्याच्या कार्यक्रमात ही बाजू कुणी सांगत नाही.

बाजार आहे का? आहे. अमेरिकेतली मालवाहतूक जवळपास पूर्णपणे डिझेलवर चालते. ऑस्ट्रेलियातल्या खनिज रेल्वे, आफ्रिकेतले बहुतेक मार्ग, मध्य आशियाचा मोठा भाग डिझेलवरच आहे. शेकडो किलोमीटर ओसाड प्रदेशात तार टाकायची, उपकेंद्रं उभारायची आणि दिवसातून मोजक्या गाड्या सोडायच्या, हे परवडत नाही. पुन्हा तेवढी वीज देणारं ग्रिड हवं. त्यामुळे पुढची काही वर्षं डिझेल इंजिनांना मागणी राहील. मढौऱ्याच्या कारखान्यात ब्रॉड, स्टँडर्ड आणि केप या तिन्ही गेजचे रूळ टाकलेत, ते याच बाजाराकडे बघून. पण बॅटरीवर चालणाऱ्या इंजिनांचं काम सुरू झालंय आणि त्यात खुद्द वॅबटेकही आहे. खिडकी उघडी आहे, पण ती कायमची उघडी नाही.

इंजिन कुणाचं?

आता ‘हे तर अमेरिकन’ या आक्षेपाकडे वळू. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

१६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी गेली. ती ओढणारी साहिब, सिंध आणि सुलतान ही इंजिनं इंग्लंडमधल्या व्हल्कन फाउंड्रीत बनली होती. ती ‘एक्सपोर्ट’ इंजिनं होती, फक्त आपण त्या वेळी घेणाऱ्याच्या बाजूला होतो. इंजिनं आत आली, रूळ कापसाच्या पट्ट्यापर्यंत गेले आणि कापूस बाहेर गेला.

स्वातंत्र्यानंतर १९६२ मध्ये अमेरिकेच्या अल्को कंपनीकडून २,६०० हॉर्सपॉवरची डिझेल इंजिनं आली. सोबत तंत्रज्ञानही घेतलं. १९६४ मध्ये वाराणसीच्या डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्समधून भारतात बनलेलं पहिलं इंजिन बाहेर पडलं. पुणे आणि कल्याणच्या शेडमधली जुनी डिझेल इंजिनं याच घराण्यातली. पुढे १९६९ मध्ये अल्कोने अमेरिकेत इंजिनं बनवणंच बंद केलं. वाराणसीत मात्र तेच डिझाइन सुधारत सुधारत कित्येक दशकं बनत राहिलं. कंपनी संपली तरी विद्या इथे राहिली, कारण ती आपण घेतली होती. १९७६ मध्ये वाराणसीने टांझानियाला पहिलं इंजिन निर्यात केलं. नंतर व्हिएतनाम, बांगलादेश, श्रीलंका, सुदान, मोझांबिक असे देश यादीत आले. १९९५ मध्ये जनरल मोटर्सशी करार करून आणखी ताकदवान इंजिनांचं तंत्रज्ञानही वाराणसीने घेतलं.

मढौऱ्याचं मॉडेल वेगळं आहे. डिझाइन, ब्रँड आणि निर्णय वॅबटेकचे. भारताकडे जागा, ऑर्डर, मनुष्यबळ आणि छोटा हिस्सा. उद्या वॅबटेकने ठरवलं की पुढची आफ्रिकन ऑर्डर ब्राझीलमधल्या कारखान्यातून पुरवायची, तर मढौऱ्याच्या हातात फार काही नाही. वॅबटेकची इंजिनं अमेरिकेत बनतात, ब्राझीलमध्ये बनतात, कझाकस्तानातही बनतात. म्हणजे मढौऱ्याची स्पर्धा चीनशी आहेच, शिवाय आपल्याच सख्ख्या भावंडांशी आहे.

पण दुसरी बाजूही तेवढीच खरी. वाराणसीकडे तंत्रज्ञान होतं, कारागीर होते, पन्नास वर्षांचा अनुभव होता. तरीही एका दमात १५० इंजिनांची व्यापारी ऑर्डर आपण आणू शकलो नाही. निर्यात झाली ती मोजक्या संख्येने. मोझांबिकसारख्या काही ठिकाणी तर भारतानेच दिलेल्या कर्जातून. जगभर पसरलेलं विक्रीचं जाळं, सुटे भाग पुरवण्याची हमी, वीस वर्षं देखभाल करायची तयारी हे सगळं विकत घेणारा बघतो. ते वॅबटेककडे होतं, आपल्याकडे नव्हतं. विद्या आपली पण बाजार नाही, की बाजार आहे पण विद्या दुसऱ्याची? गेली साठ वर्षं आपण या दोन टोकांमध्ये फिरतोय. दोन्ही एकत्र आणणं हे खरं पुढचं स्टेशन आहे.

यात आपलं काय?

मढौऱ्यासारख्या आधुनिक कारखान्यात थेट नोकऱ्या शेकड्यांत असतात, हजारांत नाही. जुन्या गिरणीसारखं अख्खं गाव भोंग्यावर कामाला जाईल, हे चित्र आता विसरायला हवं. बाकीचा रोजगार सुटे भाग पुरवणाऱ्यांकडे, वाहतुकीत आणि देखभालीच्या शेडमध्ये तयार होतो. तो कुठे तयार होतो, हा कळीचा मुद्दा. सुटे भाग लांबच्या शहरांतून आले आणि गावात फक्त जोडणी झाली, तर टॉफीच्या कारखान्याइतकीही मुळं इंजिनाच्या कारखान्याला फुटणार नाहीत.

आपल्याकडे लातूरमध्ये रेल्वेचा कोच कारखाना उभा राहिलाय. वंदे भारतच्या डब्यांचं कंत्राट तिथे आहे. मराठवाड्यातल्या मुलामुलींना त्याकडून मोठी आशा आहे आणि ती रास्तही आहे. म्हणून मढौऱ्याकडे बघून तीन प्रश्न आत्ताच विचारून ठेवायला हरकत नाही. हातातली ऑर्डर संपल्यावर पुढची ऑर्डर कोण आणणार? डिझाइनचं काम इथे होणार की फक्त नटबोल्ट आवळले जाणार? आणि जवळच्या आयटीआय, पॉलिटेक्निकमधल्या अभ्यासक्रमाचा या कारखान्याशी काही संबंध असणार का? उद्घाटनाच्या दिवशी हे प्रश्न कुणी विचारत नाही. दहा वर्षांनी विचारून उपयोग नसतो.

आणि आयटीआयला ‘मेकॅनिक डिझेल’ ट्रेड घेऊन बसलेल्यांनी धास्ती घ्यायची का? घाबरायचं कारण नाही, पण शहाणं व्हायला हवं. वर सांगितलं तसं, डिझेल-इलेक्ट्रिक इंजिनाचा अर्धा भाग इलेक्ट्रिकच असतो. इन्व्हर्टर, ट्रॅक्शन मोटर, कंट्रोल सॉफ्टवेअर, ब्रेक यंत्रणा यांचं तत्त्व इलेक्ट्रिक इंजिनात, मेट्रोत, उद्याच्या बॅटरी इंजिनातही तेच राहणार. जाणार असेल तर डिझेलचा भाग जाईल, चाकांवरची मोटर राहील. ज्याच्या हाताला दोन्हीकडचं काम येतं, त्याला कारखाना बदलावा लागला तरी धंदा बदलावा लागणार नाही. हीच गोष्ट मढौऱ्याच्या कारखान्यालाही लागू आहे. पुढच्या दोन-तीन वर्षांत तिथे बॅटरी किंवा हायब्रिड इंजिनाचं काम आलं तर कारखाना टिकेल. नुसती डिझेलच्या पुढच्या ऑर्डरची वाट बघत बसला तर अवघड आहे.

गिनीचा विचारही जाता जाता करायला हवा. त्यांच्याकडे आज इंजिनं येतायत आणि खनिज बाहेर चाललंय. १८५३ नंतर आपण जिथे उभे होतो, साधारण तिथे ते आज उभे आहेत. फरक एवढाच की रेल्वे आपल्याच भूमीतून जायला हवी, हा हट्ट त्यांनी धरला आणि पुरा केला. त्यासाठी जास्त थांबावं लागलं, जास्त खर्च झाला, पण रूळ देशात राहिले. आपली जागा बदलली, याचा आनंद जरूर मानू. पण हट्ट कशासाठी धरायचा, हे गिनीकडून शिकायला काय हरकत आहे? त्यांनी रुळांसाठी धरला. आपण डिझाइनसाठी धरायला हवा.